उपचार अर्धवट कोण सोडते?

जव्हार-मोखाड्याच्या स्त्रीविषयी सुशिक्षितांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानी पडते : "या बायका उपचार अर्धवट सोडतात." गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला की हे वाक्य निकालपत्रासारखे वाचले जाते. आम्हांला ते मान्य नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात ८५० स्त्रियांवर एक चाचणी केली. रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पसरलेल्या अशा या स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडण्यात आले. एकाला केवळ किरणोपचार, दुसऱ्याला किरणांच्या जोडीने आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांअखेर पहिल्या गटातील शेकडा ४६ स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातील ५४. शंभरामागे आठ संसार वाचले! आणि औषध तरी कसले? १९७८ पासून वापरात असलेले, स्वस्तातले.

मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. सुमारे पाच आठवडे, सुटीचे वार वगळता रोज, बाहेरून किरण. त्यांना जोडून आतून दिले जाणारे किरण. सारे आठ आठवड्यांच्या आत आटोपावे लागते. लांबले तर गुण उणावतो. आता मोखाड्याच्या कातकरी स्त्रीने हे आठ आठवडे मुंबईत कोठे काढावेत? दिवाळी सरली की तिचा संसार भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जातो. अंगावर उचल असते, ती फिटेपर्यंत पाय निघत नाही. (आपल्या घरांच्या विटा कोणी थापल्या, हे वसईकरांनी एकदा आठवून पाहावे.) शासकीय योजनेतून उपचार मोफत मिळतो, हे खरे, परंतु बुडालेली मजुरी आणि भट्टीवर राहिलेले लेकरू कोणत्या योजनेत बसते? अशा स्त्रीने उपचार सोडला असे म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे.

दुसरीकडे काही कनवाळू मंडळी म्हणतात, आदिवासी स्त्रीला चाचण्यांच्या वाटेला जाऊच देऊ नका. या भीतीला आधार आहे. २००९ साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात, याच रोगाच्या प्रतिबंधक लसीच्या प्रकल्पात, आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या ठोकल्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कोरडे ओढले. जव्हारच्या आश्रमशाळांतील मुली पाहिल्या की आम्हांला ते प्रकरण आठवते. पण तेथे अपराध घडला तो परस्पर घेतलेल्या सहीचा. वारली बोलणाऱ्या बाईला तिच्याच बोलीत सारे समजावून सांगा, नाही म्हणण्याची मोकळीक द्या. मग निर्णय तिचा. तिला काही कळतच नाही असे गृहीत धरून वगळणे, ही कळवळ्याच्या वेषातली तुच्छताच होय.

कमी दिवसांत किरण देऊन तितकाच गुण येतो का, हे तपासणाऱ्या चाचण्या आज जगात चालू आहेत. आठ आठवड्यांचे तीन झाले तर सर्वांत मोठा लाभ कोणाचा? ज्या बाईची रोजची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तिचा. अशा चाचण्यांत तिला सन्मानाने स्थान हवे. तोवर शासनाने उपचारकाळातील मजुरी द्यावी, आणि मुंबईतील आपल्या धर्मग्रामांनी, लग्नसराई सरल्यावर कुलपात असणाऱ्या सभागृहांशेजारी, रुग्ण व सोबतीण यांच्यासाठी दोन खोल्या उघडाव्यात. भाडे न घेता, धर्म न विचारता.