छोट्या गाडीचा वीजहिशेब



शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तळहातावर मावेल अशी, मोबाईलवरून चालणारी गाडी मुले-मुली आता घरीच तयार करतात. पुष्कळदा ती फरशीवर दोन हात पळते आणि बंद पडते. मूल हिरमुसते. घरातले कोणीतरी म्हणते, "हे आपल्याला जमायचे काम नाही." येथे बुद्धीचा काही संबंध नाही. गाडीचा जमाखर्च जुळलेला नसतो, एवढेच!

जमेची बाजू म्हणजे बॅटरी. तीच आधी ठरवावी. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आकडा मोठा म्हणून दमदार वाटते; पण तिचा अंतर्गत रोध जास्त. मोटारीने प्रवाह ओढला की तिचा दाब कोसळतो. शिवाय वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एवढ्याशा गाडीवर नुसते ओझे. त्याऐवजी लिथियम पॉलिमरचा एकच सेल घ्यावा. १५० मिलिअँपिअर-तासांचा सेल जेमतेम चार-पाच ग्रॅम भरतो. नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. गाडी सरासरी ३०० मिलिअँपिअर खात असेल तर कागदावर अर्धा तास चालेल. प्रत्यक्षात कमीच धरा. मोटारीही तीन व्होल्टच्या आसपास चालणाऱ्याच हव्यात.

आता खर्च पाहा. मोटार फिरवायला एल२९८एन हे ड्रायव्हर बोर्ड स्वस्त म्हणून सर्रास घेतले जाते. ते स्वतःच दोनेक व्होल्ट गिळते. ३.७ मधून दोन गेले, मोटारीच्या वाट्याला काय उरले? डीआरव्ही८८३३ मागावे, ते २.७ व्होल्टपासून काम करते. ईएसपी८२६६ या वायफाय बोर्डाला ३.३ व्होल्ट लागतात, पण नेहमीच्या एएमएस१११७ रेग्युलेटरला त्याहून सुमारे एक व्होल्ट जादा हवा असतो. म्हणून किमान ५०० मिलिअँपिअर देणारा 'लो ड्रॉपआऊट' रेग्युलेटर घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जाताना ही नावे चिठ्ठीवर लिहून न्यावीत. दुकानदार जे पुढे करील ते निमूट घेऊ नये.

सुरू होताना किंवा चाक अडल्यावर मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. दाब क्षणभर पडतो, वायफाय बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि मोबाईलचा संपर्क तुटतो. यासाठी पुरवठ्यावर २२० मायक्रोफॅरडचा आणि प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा.

चार्जिंगकडे मात्र वडीलधाऱ्यांनी स्वतः लक्ष द्यावे. टीपी४०५६ हे चार्जर बोर्ड सहसा १.२ किलोओहमच्या रेझिस्टरसह येते आणि एक अँपिअर देते. १५० च्या सेलला हा प्रवाह सहा-सात पट आहे! सेल तापेल, फुगेल, पेटही घेईल. तेथे १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह १३० मिलिअँपिअरवर येतो. सोल्डरिंग जमत नसेल तर दुकानातूनच बदलून घ्यावा. दहा बाय दहाच्या खोलीत सगळे झोपलेले असताना, अंथरुणाशेजारी सेल चार्जिंगला लावू नये. जागेपणी, लादीवर, डोळ्यांसमोर ठेवावा. संरक्षक सर्किट असलेलाच सेल घ्यावा आणि तो तीन व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. फुगलेला सेल टोचू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. तो ई-कचऱ्यात द्यावा. आणि जोडण्यापूर्वी लाल-काळी वायर बोर्डावरील खुणांशी ताडून पाहावी, कारण जोडणीची बाजू सर्व कंपन्यांची सारखी नसते.