डॉक्टरांची गाडी

जुनी मोटार विकायला काढली की ती डॉक्टरांचीच कशी निघते, हे कोडे मला सुटलेले नाही. हिंगोली जिल्ह्यात डॉक्टर नसतील तितक्या डॉक्टरांच्या गाड्या मी दोन महिन्यांत पाहिल्या. ‘साहेब, एकहाती गाडी. दवाखाना ते घर, बस्स!’ मीटरवर ४०,००० किलोमीटर, आणि क्लचच्या पेडलचे रबर मात्र पार गुळगुळीत!

माझे भांडण विकणाऱ्याशी नाही, तुमच्याआमच्याशी आहे. पाव किलो वांगी उलटीपालटी करून घेणारे आपण, दोन लाखांची गाडी नुसता रंग बघून घेतो. आमची बँक किरकोळ कर्जाला दोन जामीनदार मागते. इथे आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हेसुद्धा कुणी वाचत नाही. असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा, शिवाय नावावर करायला २९ आणि ३०. हे विचारले की दलाल दुखावतो. ‘साहेब, विश्वास नाही का?’ नाही! सही जुळल्याशिवाय मी खातेदाराला शंभर रुपये देत नाही, आणि हा तर माझा फंड आहे.

सौ.ला मोठी गाडी हवी. मी म्हणतो, औंढा नागनाथाहून आईला घेऊन परतताना रात्री बंद पडली, तर गावचा मिस्त्री जी दुरुस्त करील ती मोठी.

परवा थंड इंजिन सुरू करून बघावे म्हणून सकाळी सहालाच, न कळवता गेलो. बॉनेट चांगलेच गरम!

‘डॉक्टरसाहेब पहाटेच व्हिजिटला गेले होते वाटतं?’ मी विचारले.