पहिली-दुसरीच्या वर्गांत गोंडी, माडिया व कोलामी भाषांना स्थान देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली व मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर

महोदय,

भामरागड, एटापल्ली, धानोरा आणि चंद्रपूरकडील जिवती, कोरपना या भागांत पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी माडिया, गोंडी किंवा कोलामी बोलली जाते. वर्गात मात्र पहिल्या दिवसापासून मराठी पुस्तक. मूल गप्प बसते, फळ्यावरचे उतरवून घेते आणि तिसरी-चौथीच्या चाचणीत ‘अप्रगत’ ठरते. मग शिक्षकांची प्रशिक्षणे होतात, माहितीचे तक्ते मागवले जातात. पहिलीच्या वर्गाकडे कोणी वळत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९ शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे सांगते. संविधानाचा अनुच्छेद ३५०-क आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांचाही रोख तोच आहे. म्हणजे आमची मागणी नवी नाही, अंमलबजावणी तेवढी राहिली आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. एका गावाला जे जमते ते शासनाला जमणार नाही, हे आम्हांला पटत नाही.

मराठी नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मराठी पक्की यावी म्हणूनच पहिली दोन वर्षे मुलाच्या भाषेतून समजावून सांगणारे माणूस वर्गात हवे. यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीने, शक्यतो डी.एड. झालेल्या स्थानिक युवक-युवतींना नियमित मानधनावर भाषा सहायक म्हणून नेमावे. पहिली-दुसरीची द्विभाषिक पुस्तके दोन्ही जिल्ह्यांच्या ‘डाएट’ने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) इथल्या शिक्षकांना आणि जाणत्यांना बसवून तयार करावीत. पुण्यात बसून ती होणार नाहीत. मोहगावसारख्या शाळांसाठी मान्यतेची सोपी वाट काढावी.

अभ्यासक्रमात इथले जगणेही यावे. ७० पानांचा एक पुडा या हिशेबाने घरची माणसे तेंदूपत्ता मोजतात, ग्रामसभा त्याचा लिलाव करतात, मुले ते सारे पाहतात. पण गणिताच्या पुस्तकात त्याचा मागमूस नाही. सामूहिक वनहक्क मिळवणारे मेंढा (लेखा) हे गाव गडचिरोली जिल्ह्यातलेच. त्याचा धडा आमच्या मुलांना का नसावा?

कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना समूह शाळेत पाठवण्याचा विचार या दोन जिल्ह्यांपुरता तरी सोडावा. नकाशावरचे तीन किलोमीटर पावसाळ्यात नाल्यापलीकडचे असतात, आणि ब्रह्मपुरी किंवा ताडोबालगतच्या गावांत त्या वाटेवर वाघ असतो. सात वर्षांच्या मुलाला त्या वाटेने कोण पाठवील?

मोहफुले वेचण्याच्या दिवसांत वर्ग ओस पडतात. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. त्या काळासाठी गावातच हंगामी वसतिगृह द्यावे आणि शाळेच्या वेळा ठरवण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला असावा. शिक्षकांची रिक्त पदे सत्र सुरू होण्याआधी भरावीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने मुभा दिलेली सोडून बाकीची अशैक्षणिक कामे त्यांच्याकडून काढून घ्यावीत.

या सगळ्यांत भाषा सहायकांची मागणी आम्ही सर्वांत वर ठेवतो. येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी त्यावर निर्णय घेऊन आम्हांला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

प्रत माहितीसाठी : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, गडचिरोली व चंद्रपूर