हायलाइट्समध्ये न दिसणारा गिल्बर्टो

आर्सेनलच्या २००३-०४च्या संघाचा विषय निघाला की गप्पांची गाडी ठरलेल्या रुळांवरून धावते. हेन्रीचे ३० गोल, बर्गकॅम्पचा पहिला स्पर्श, व्हिएराचा दरारा. बाकीचे? ‘होते की, जागा भरायला.’ हे इतक्या बिनदिक्कत म्हटलं जातं की पुरावा कुणी मागतच नाही. आपण मागू.

त्या मोसमाची मातब्बरी कशात आहे? ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबऱ्या, पराभव एकही नाही. लीगचं विजेतेपद दरवर्षी कुणीतरी पटकावतंच. इथे अप्रूप आहे ते न हरण्याचं. त्या १२ बरोबऱ्यांपैकी एक जरी निसटली असती तर ‘अजिंक्य’ हे बिरुद गेलंच असतं. तेव्हा हिशेब मांडायचा तर खाल्लेल्या गोलांपासून मांडा: २६, लीगमध्ये सर्वांत कमी. आणि तिथे गिल्बर्टो सिल्वा आडवा येतो.

आक्षेपकांचं म्हणणं असं, की गिल्बर्टो आडवे पास द्यायचा, बस्स. खरंच आहे, द्यायचा. पण त्या संघाची डावी बाजू नीट बघा. पिरेस आत सरकायचा, त्याने सोडलेल्या जागेतून अॅशली कोल मुसंडी मारायचा, हेन्रीही त्याच बगलेला ओढला जायचा. मागे अख्खं मैदान मोकळं. चेंडू हिसकावला गेला की प्रतिस्पर्धी त्याच खिंडारात घुसणार, हे उघड होतं. गिल्बर्टो तिथे आधीच दोन पावलं सरकून उभा असे. टॅकल करायची वेळच यायची नाही. समोरचा त्याला पाहून चेंडू मागे वळवायचा. मागे वळवलेला चेंडू हायलाइट्समध्ये कोण दाखवणार?

बरं, तो नुसता राखणदार होता म्हणावं, तर व्हिएरा गेल्यानंतर, २००६-०७मध्ये, त्याने लीगमध्ये १० गोल केले. जखमांनी बेजार झालेल्या हेन्रीचेही तितकेच. त्यातले बरेच पेनल्टीचे, असं कुणी पुटपुटेल. असू देत. हेन्री नसताना संघाचं कर्णधारपद आणि पेनल्टी, दोन्ही ओझी त्याच्याच खांद्यावर होती.

दुसरा लाडका सिद्धान्त म्हणजे व्हिएराविना सगळं कोसळलं असतं. नोव्हेंबर २००३, सान सिरो. व्हिएरा नाही, विमानाला घाबरणारा बर्गकॅम्प नाही, लॉरेनही नाही. मधल्या फळीत एदू आणि कर्णधार रे पार्लर. इंटर मिलानचा त्यांच्याच घरात ५-१ असा धुव्वा उडाला. हेन्रीने दोन गोल केले, हे कोण नाकारतंय? पण एक एदूचाही होता, आणि मधली फळी खिळखिळी झाली असती तर हेन्रीपर्यंत चेंडू पोहोचला असता कसा?

पार्लरला हलक्यात घेण्याची खोड तर जुनी. २००२चा एफए कप अंतिम सामना, कार्डिफ, समोर चेल्सी. दूरचित्रवाणीवर चाहत्यांच्या समालोचनात एक चेल्सीवाला बोलत होता. पार्लर चेंडू घेऊन निघाला तेव्हा तो निर्धास्तपणे म्हणाला, काही नाही, रे पार्लरच आहे. पंचविसेक यार्डांवरून पार्लरने चेंडू वरच्या कोपऱ्यात मारला.