गुहेच्या तोंडाशीच रोखा

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात २००६ च्या हिवाळ्यात एका गुहेतल्या वटवाघळांच्या नाकाडावर पीठ भुरभुरावे तशी पांढरी बुरशी दिसली. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत या बुरशीच्या रोगाने लाखो वटवाघळे मेली. तीन जाती तर ९० टक्क्यांहून अधिक घटल्या. ही बुरशी थंडीत गाढ झोपलेल्या जिवाला पुन्हा पुन्हा जागे करते, पंखांची त्वचा पोखरते, आणि हिवाळाभर पुरवायची चरबी आधीच संपते. बाहेर बर्फ, खायला किडा नाही. वर्षाला एक-दोनच पिल्ले देणारी मादी ही तूट कशी भरून काढणार?

बुरशी वटवाघळेच पसरवतात, मग माणसांना गुहाबंदी कशाला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. शेजारच्या गुहेत ती त्यांच्याच अंगावरून जाते. पण २०१६ मध्ये ती वॉशिंग्टन राज्यात सापडली, तेव्हा जवळचे ज्ञात ठिकाण सुमारे २,००० किलोमीटर दूर होते. एवढी झेप बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिखलातून झाली असणे अधिक संभवते. म्हणून बूट-दोर निर्जंतुक करण्याची सक्ती हवीच. सरसकट बुरशीनाशक फवारल्यास मात्र गुहेतले निरुपद्रवी जीवही मरतील. वटवाघळांच्या काही वसाहती तगल्या आहेत आणि तिथली वटवाघळे हिवाळ्याआधी अधिक चरबी साठवताना आढळली आहेत. पैसा लावायचा तो इथे: गुहांभोवतीचे जंगल, पाणवठे आणि शरदातले किडे राखायला.