माडी कधी उतरवली?

मित्राचा मुलगा जपानहून आला तेव्हा साकेची एक छोटी बाटली घेऊन आला. आडगावातल्या, पिढ्यान्‌पिढ्या साकेच करणाऱ्या एका घराण्याची. थंड करून छोट्या पेल्यांत ओतली. आधी पिकल्या केळ्याचा वास आला, मग जिभेवर पेजेचा मऊपणा आणि गिळताना हलकीशी तुरट कड. दाणा घासून निम्माच ठेवलेला तांदूळ वाफवायचा, त्यावर कोजी नावाची बुरशी पेरायची, रात्री उठून तिची ऊब सांभाळायची, असं ते काम. पण मी रेंगाळलो तो चिठ्ठीवर. मुलाने ती वाचून दाखवली. तांदळाची जात, तो किती घासला, मुख्य कारागिराचं म्हणजे ‘तोजी’चं नाव, बाटली भरल्याचा महिना, सगळं त्यावर होतं.

मला हेवा वाटला. आमच्या रत्नागिरीच्या माडीवर यातलं काहीच नसतं.

भाषेने मात्र माडीला तिचा मान दिलेला आहे. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रामुळे बाणवली, प्रताप या जाती बागायतदारांच्या तोंडी असतात. पण कुठल्या माडाची माडी गोड, हे फक्त झाडावर चढणाऱ्यालाच ठाऊक असतं. परवा पहाटे अशाच एका भंडारीदादांच्या मागे वाडीत गेलो. ते चढले. न उमललेली पोय दोरीने आवळून बांधलेली होती. हलक्या हाताने तिला ठोकलं, टोकाचा कागदाएवढा पातळ काप घेतला आणि भरलेलं मडकं उतरवलं. काप जाड झाला तर पोय लवकर संपते, घेतलाच नाही तर रस आटतो. दिवसातून दोनदा चढायचं, पावसाने खोड बुळबुळीत झालं तरी.

ती माडी मी तिथेच प्यायलो. ताकासारखी पांढुरकी, बारीक बुडबुडे, शहाळ्याहून गोड, आणि मागून किंचित आंबूस चव. तीच दुपारी चढते, संध्याकाळी तोंड वाकडं करायला लावते आणि ठेवलीच तर शिरका होतो. रस मडक्यात पडल्यापासून आंबायला लागतो, म्हणून माडीला घटका महत्त्वाची. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात.

या कसबाकडे सरकारने कायम महसूल आणि बंदोबस्ताच्याच नजरेने पाहिलं. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर झाडावरचा कर वाढला आणि भंडाऱ्यांची घरची भट्टी बंद पडली. 1949 मध्ये दारूबंदीचा कायदा आला. परवाना असलेली दुकानं आज आहेत, पण माडी कुठल्या वाडीतली, किती वाजता उतरवलेली, हे कोणी विचारत नाही. या अज्ञातपणाचाच फायदा भेसळवाले घेतात. क्लोरल हायड्रेट पाण्यात कालवून केलेली ‘माडी’ राज्यात वारंवार पकडली गेली आहे. ती पिऊन माणसं खंगतात, आणि बदनाम होतो तो पहाटे झाडावर चढणारा.

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने कोजी वापरून साके करण्याची विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली. मान मिळाला तो हातांना. गोव्याने काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. आपण निदान एवढं तरी करावं: दुकानाच्या फळीवर वाडीचं नाव, काढणाऱ्याचं नाव आणि उतरवल्याची वेळ रोज खडूने लिहिण्याची सक्ती करावी. त्याला ना मोठा खर्च लागतो, ना नवा कायदा.

वाडीत जाताना उरलेली साके मी सोबत नेली होती. दादांनी पेला नाकाशी धरला, एक घोट तोंडात घोळवला आणि बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “ही कधी उतरवलेली?”

मी त्यांना बाटलीवरचा महिना सांगितला.