व्हिसा अडतो तो आपल्याच गावच्या दप्तरात

कृषी खात्याच्या माणसाने या पानावर बोंडअळीवर लिहावे, लग्नाच्या दाखल्यावर कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण शेत बघून झाले, फवारणीचे बोलणे संपले की शेतकरी हळूच पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढतो. पूर्वी त्या फाईलीत सातबारा असायचा. आता कधी कधी तिच्यात मुलीचा पासपोर्ट असतो.

बोरीकाठच्या एका गावात अशीच फाईल पाहिली. जावई जर्मनीत एका कारखान्यात. लग्न वैशाखात लागले, पंधरा दिवसांनी तो परत गेला, आणि दोन महिन्यांत बोलावून घेतो असे सांगून गेला. हरभरा खळ्यावर आला तरी पोरगी माहेरीच. त्यात तिचे दिवस भरत आलेले. गावाचे तोंड कोण धरणार? कोणी म्हणे, टाकून दिली असेल. बापाने मला विचारले, "आते काय करानं भाऊ?" मी फाईल चाळली. नवऱ्याचा काही दोष नव्हता. दूतावासाचाही नव्हता. पोरीच्या पासपोर्टवर आणि शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसरेच. लग्नात ताटातल्या तांदळात नवरदेवाने नवे नाव लिहिले, पेढे वाटले, सगळे हसले. तेच नाव मग लग्नाच्या नोंदीत गेले. कागदाच्या हिशेबाने लग्न एकीचे झाले होते आणि परदेशी निघाली होती दुसरीच.

बरे, नोंदसुद्धा पाच महिन्यांनी झालेली. मुलीकडच्यांना वाटले सासरच्यांनी केली असेल, सासरच्यांना वाटले लग्न यांच्या दारात लागले म्हणजे यांनीच केली असेल. हे घरोघर असेच चालते.

आपल्या राज्यात लग्न नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. त्याआधी १९५३ चा होता. म्हणजे गोष्ट नवी नाही. १४ फेब्रुवारी २००६ ला सर्वोच्च न्यायालयानेही सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सगळ्या लग्नांची नोंद सक्तीने झाली पाहिजे असे सांगितले. लग्न लागल्यापासून ९० दिवसांत वर-वधूने तीन साक्षीदारांसह नमुना 'ड' भरून द्यायचा, आणि खेड्यात तो घेणारा निबंधक म्हणजे आपला ग्रामसेवक, २०२४ पासूनच्या नव्या नावाने ग्रामपंचायत अधिकारी. मंगल कार्यालय अमळनेर शहरात असेल तर नगरपरिषदेत चौकशी करा. ९० दिवस उलटले तरी नोंद होते, पण जावई एकदा विमानात बसला की त्याची सही कुठून आणणार?

बियाण्याच्या पिशवीचे लेबल आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा, असे मी दर मृगाला सांगतो. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच आधार. लग्नपत्रिकेचेही तसेच आहे. पत्रिका, मांडवातला दोघांचा फोटो, भटजींचे नाव-गाव एका पाकिटात घालून ठेवा, आणि पत्रिकेवर मुलीचे शाळेतले नाव छापा. घरात लाडाने काय हाक मारायची ती मारा. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही, आणि पासपोर्टवर बायकांना माहेरचे नाव ठेवता येते हे २०१७ साली खुद्द पंतप्रधानांनी सांगितलेले आहे. बदलायचेच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करा, मग आधार, पासपोर्ट, बँक सगळीकडे एकदमच बदला. अर्धे बदलले की अडकलेच.

आपल्या खान्देशात आणखी एक घोळ. शाळेत 'पाटील', सातबाऱ्यावर मूळ आडनाव, आधारवर बापाच्या नावापुढे कुठे 'राव' तर कुठे 'भाऊ', आईच्या नावाला 'बाई'. पीएम किसानचे हप्ते या कारणाने अडले तेव्हा आपण सगळ्यांनी हे भोगलेच आहे. तिथे निदान तालुक्याला जाऊन दुरुस्ती होते. परदेशी वकिलातीत 'पाटील म्हणजेच सोनवणे' हे समजावून सांगायला कोण बसले आहे?

दाखला हातात आला म्हणजे संपले असेही नाही. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. म्हणजे राज्य शासनाने तपासलेल्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसला की करारातले देश साधारणपणे तो मानतात. सौदी अरेबिया २०२२ मध्ये या करारात आला. दुबई ज्या अमिरातीत आहे तिथे मात्र त्यांच्या वकिलातीकडून वेगळे साक्षांकन करावे लागते. हा शिक्का मुळात नोंद खरी आणि स्वच्छ असेल तरच उपयोगाचा. खाडाखोड केलेल्या नोंदीवर कोण शिक्का मारील?

आता मुलीच्या बापांना थोडे कडक बोलतो. आपल्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि संगणकाच्या नोकरीने इथली पोरे साता समुद्रापार गेली याचा आपल्याला अभिमान आहे. म्हणून 'फॉरेनचा जावई' म्हटले की आपण बाकीचे विचारतच नाही. किती एकर बागायत, विहिरीला पाणी किती, हे खोदून विचारणारा माणूस जावयाच्या व्हिसाला बायको नेता येते का एवढे विचारत नाही! अमेरिकेत एच-१बी वाल्याच्या बायकोला एच-४ मिळतो, पण त्यावर लगेच नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परवानगी मिळते, तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोचला असेल तर. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून वृद्धांची-आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या नव्या कामगारांना कुटुंब आणणे बंद केले. अमिरातीत किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायला घर, असे असल्याशिवाय बायको नेता येत नाही. जर्मनीत बहुतेक बायकांना निघण्याआधी जर्मन भाषेची पहिली पायरी, ए-१ ची परीक्षा, द्यावी लागते; नवरा ब्लू कार्डवर असेल तर सूट आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, तेव्हा आयटीआय झालेल्या पोरांची स्थळेही उद्या अशी येतील. साखरपुडा ते लग्न या मधल्या काळात पोरीला भाषेच्या वर्गाला घाला. तो खर्च मांडवाच्या रोषणाईपेक्षा जास्त होणार नाही.

आणि समजा, जावई खोटाच निघाला तर? २००९ पासून परदेशस्थ नवऱ्यांच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगाकडे देता येतात. तिथेही लग्नाचा पुरावा लागतोच. नोंद नसेल तर पोरीच्या हातात काय उरते?

ग्रामपंचायतीच्या मंडळींना हात जोडून सांगतो. तुमच्यावर कामाचा बोजा आहे, मी तुमच्याच शेजारच्या खोलीत बसतो, मला दिसते. पण विवाह नोंदणीचा दाखला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतो. 'लग्नसराई आटपू द्या, मग या' हे उत्तर देऊ नका. गावात मांडव पडला की पोलीस पाटलांना कळते, सरपंचांना जेवणाचे निमंत्रण असते, मग नमुना 'ड' तेवढा मांडवात का पोचू नये? साक्षीदार तिथेच असतात, भटजी तिथेच असतात. अक्षता पडल्यावर पाव तासाचे काम आहे. इंग्रजी स्पेलिंग मात्र पासपोर्ट किंवा दहावीचे गुणपत्रक समोर ठेवूनच लिहा, कानावर विसंबू नका.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली तरी करू नका. पोरीला लग्नाच्या वेळी अठरा पूर्ण नसतील म्हणून लग्नाची तारीख पुढची लिहा, असा आग्रह होतो. ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो. ते लग्न थांबवणे हे त्याचे काम आहे, तारीख फिरवून देणे नव्हे.

बोरीकाठच्या त्या पोरीला मुलगा झाला. बाप अजून गेला नाही, पण राजपत्रात तिचे नाव लागले आहे, आणि ए-१ चे पुस्तक पाळण्याजवळच पडलेले असते. बाळाचा जन्मदाखला आजोबांनी बाराव्या दिवशीच काढून आणला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा तोच एक पुरावा चालतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. स्पेलिंग त्यांनी माझ्याकडून तीनदा तपासून घेतले.